कीर्द भरली, खतावणी राहिली

वागळे इस्टेटमधला एखादा जुना कारखाना बंद पडतो किंवा भिवंडी-मुरबाडकडे हलतो, तेव्हा गाळा रिकामा करायला दोन-तीन दिवस लागतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांचे भाव ठरतात, पत्र्याची कपाटं आणि जळक्या मोटारी भंगारात वजनावर जातात. सगळ्यात शेवटी कागद बाहेर येतात. ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, चलानबुकं, तपासणीचे तक्ते, फोरमनच्या टेबलाच्या खणातल्या वह्या असा तो ढीग रद्दीवाला किलोवर घेतो. असे चार गाळे रिकामे होताना मी उभा होतो. त्यातल्या एका ढिगातून मी एक लांबट, तेलकट वही उचलली. कोणा सेटरने पंचवीसेक वर्षं त्या वहीत एकेका जॉबची माहिती पेन्सिलीने लिहिली होती. कुठलं टूल, किती फीड, कुठल्या धातूला कूलंट जास्त लागतो, कुठे टूल थरथरतं, कुठे जॉब तापून मोठा दिसतो आणि गार झाल्यावर माप सोडतो. मालक म्हणाले, "घेऊन जा, आता काय करायचंय तिचं." वही अजून माझ्याजवळ आहे, पण मला तिचा उपयोग करता येत नाही. जॉब नंबर त्यांचे, मशीन त्यांची, आणि ती लिहिणारा माणूस कुठे आहे ते कोणालाच सांगता आलं नाही.

या पुस्तकाचा विषय ती वही आहे. छोट्या कारखान्यातलं ज्ञान कुठे राहतं, कसं हरवतं, आणि आज माहितीचा पूर आलेला असताना ते शोधणं का कठीण झालं, एवढाच प्रश्न यात घेतला आहे. मोठ्या कंपन्यांसाठी 'नॉलेज मॅनेजमेंट' या नावाने भरपूर लिहिलं गेलं आहे. दहा ते पन्नास माणसांच्या गाळ्यासाठी, आणि तेही मराठीत, फारसं काही माझ्या हाती लागलं नाही. म्हणून हा खटाटोप.

वागळे इस्टेट निवडण्याचं कारण मी तिथे राबलो हे आहेच, पण या जागेचा स्वतःचाही हक्क आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली इथेच झालेल्या एका छोट्या समारंभात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. राज्यभर पसरलेल्या एमआयडीसीची पाळंमुळं या ठाण्याच्या कडेच्या जमिनीत आहेत. सरकारने रस्ते आखले, पाणी आणलं, वीज दिली, प्लॉट पाडले. हुन्नर मात्र प्लॉट पाडून देता येत नाही. तो कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगरच्या खोल्यांतून राहिलेल्या माणसांच्या हातात हळूहळू तयार झाला. एका कारखान्यात फिटर म्हणून लागलेला माणूस दहा वर्षांनी शेजारच्या रस्त्यावर दोन लेथ टाकून जॉबवर्क घेऊ लागला. त्याच्याकडे शिकलेल्या पोराने पुढे डाय बनवायला घेतल्या. एखादी अडचण आली की माणूस सायकल काढून दोन रस्ते पलीकडे विचारून यायचा. हीच त्या काळातली माहितीची व्यवस्था होती, आणि ती चालत होती, कारण माणसं जागेवर होती. आज रोड नंबर १६ आणि २२ च्या परिसरात काचेच्या इमारती उभ्या आहेत, आयटी कंपन्या आहेत, पासपोर्टसाठी लोक रांगा लावतात. कारखाने राहिले आहेत, पण विचारायला जायचं ते दार अनेकदा बंद असतं.

आता माझ्याच गाळ्यातली एक गोष्ट सांगतो, कारण या पुस्तकाची सुरुवात तिथून झाली.

आम्ही स्टेनलेसच्या पातळ रिंगा बनवत होतो. भिंत जेमतेम तीन मिलिमीटरची. आमचे मिस्त्री हा जॉब एकोणीस वर्षं करत होते. ते निवृत्त होऊन चिपळूणजवळच्या गावी गेले आणि जॉब एका हुशार, आयटीआय झालेल्या मुलाकडे आला. त्याने पहिला लॉट केला, प्रत्येक रिंग बोअर गेजने तपासली, सगळं मापात. ३४० रिंगा गेल्या आणि ३४० परत आल्या. ग्राहकाच्या राउंडनेस मशीनवर एकही भोक गोल नव्हतं. आम्ही आमचा गेज तपासला, टूल बदललं, माल बदलला, आठ दिवस घालवले. शेवटी मी मिस्त्रींना फोन केला.

"साहेब, चक किती आवळताय?" त्यांनी पहिलाच प्रश्न हा विचारला.

पातळ रिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट पकडली की ती तीन ठिकाणी दबते. त्याच अवस्थेत आतून बोअर केली की मशीनवर भोक गोल येतं. चक सोडला की धातू मूळच्या आकाराकडे परत जातो आणि भोक तीन कोपऱ्यांचं होतं. वाईट भाग असा की या आकाराचा व्यास सगळीकडून जवळजवळ सारखाच भरतो, त्यामुळे समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजणाऱ्या गेजला तो दोष कळतच नाही. मिस्त्री शेवटचा कट घेण्याआधी चक सोडायचे, रिंग मोकळी होऊ द्यायचे, मग चावीला फक्त बोटांचा जोर देऊन पुन्हा पकडायचे आणि डायल लावून हलका कट घ्यायचे. एकोणीस वर्षं. ड्रॉइंगवर यातलं काही नव्हतं, प्रोसेस शीटवरही नव्हतं.

"मी पाठवलं होतं की ग्रुपवर," ते म्हणाले. "जायच्या आधी बोलून पाठवलं होतं."

मी शोधलं. खरंच पाठवलं होतं. चाळीस सेकंदांचा आवाजी संदेश, चौदा महिन्यांपूर्वीचा. त्याच्या वर सुप्रभातचे तीन फोटो, खाली टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो, कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक, आणि "लाइट गेली का सगळीकडे" हा प्रश्न. आमच्या ग्रुपवर सत्तावीस माणसं होती. सगळ्यांनी तो ऐकला असेल, मीही ऐकला असेन. माहिती आमच्याकडे होती. नुकसान माझ्या दुर्लक्षाने झालं आणि ते मी भरलं.

त्या रात्री मला आमच्या घरच्या जुन्या वह्या आठवल्या. आजोबांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा व्हायची, आणि त्यात दोन वह्या मुख्य असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत जायचं. कोणी तेल नेलं, कोणी उधारी दिली, हमालाला पैसे दिले, सगळं एकाखाली एक. रात्री दुकान बंद झालं की आजोबा ती कीर्द समोर घेऊन बसायचे आणि एकेक ओळ ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवायचे. कीर्दीत खात्याचं पान लिहायचे, खात्यात कीर्दीचं पान लिहायचे. कीर्द दुकानातला कुठलाही मुलगा लिहायचा. खतावणीला ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. कारण खतावणी करताना ठरवावं लागतं की ही ओळ कोणाची, कशाची, आणि पुढे हिची गरज कोणाला पडणार.

आपल्या कारखान्यांत आज कीर्द भरून वाहते आहे. व्हॉट्सॲप, ईमेल, ईआरपीतल्या नोंदी, सीसीटीव्ही, मशीनच्या कंट्रोलरमधले आकडे, सगळं काळाच्या क्रमाने साठतं आहे. खतावणी करायला कोणी बसत नाही. माहितीचा अतिरेक झाला म्हणून जी तक्रार आपण करतो, ती माझ्या मते पुष्कळदा न झालेल्या खतावणीची तक्रार असते. शंभर ओळी ज्याच्या त्याच्या खात्यात गेल्या असतील तर त्या छातीवर बसत नाहीत. दहाच ओळी असल्या आणि त्या कुठल्याच खात्यात गेल्या नसल्या, तर झोप उडवतात.

हा विचार मराठी माणसाला परका नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेली लाखो मोडी कागदपत्रं आहेत, आणि त्यांत राज्यकारभाराच्या रोजकीर्दी आहेत. आज काय आलं, काय गेलं, कोणाला काय हुकूम झाला, अशी रोजची नोंद. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी या कीर्दींमधून उतारे काढले आणि ते विषयवार लावले. महसूल, न्याय, लष्कर अशा खात्यांखाली विखुरलेल्या ओळी शेजारी शेजारी आल्या, तेव्हा त्या राज्याची घडी दिसू लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली त्या उताऱ्यांवर प्रस्तावना म्हणून जो विस्तृत निबंध लिहिला, तो या रचनेमुळे शक्य झाला. कागद त्याआधीही होतेच. वाडांनी त्यांची खतावणी केली.

खतावणी चुकीच्या खात्यात झाली तर काय होतं, याचं एक भयंकर उदाहरण पुढच्या एका प्रकरणात सविस्तर येईल. इथे थोडक्यात सांगतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी तात्पुरती झाकण-पट्टी बसवली होती. त्याचा परवाना लिहिलेला होता, सही झालेला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांना पहिल्या पंपाच्या दुसऱ्या कामाचा परवाना सापडला, व्हॉल्व्ह काढल्याचा सापडला नाही, कारण परवाने जागेप्रमाणे लावले जात आणि तो दुसऱ्या ठिकाणी होता. त्यांनी तो पहिला पंप सुरू केला. म्हणजे त्या रात्री माहिती कागदावर होती. पंपाच्या खात्यात ती नव्हती.

हे वाचताना मला डोंबिवली आठवल्याशिवाय राहत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखांचे स्फोट डोंबिवली एमआयडीसीच्या आसपास राहणारा कोणी विसरणार नाही. त्या स्फोटांच्या कारणांवर मी इथे बोलणार नाही, ते तपासाचं काम आहे. पण रासायनिक कारखान्यातल्या पाळीबदलाच्या वेळी जी दहा मिनिटं असतात, त्यांच्याबद्दल मी पोटतिडकीने बोलणार आहे. रिॲक्टरमध्ये काय किती गेलं, तापमान कुठे थांबवायचं, कूलिंगची कुठली लाइन बंद आहे, हे तोंडी सांगून घरी जाणं किंवा मोबाइलवर टाकून जाणं यावर माझा विश्वास नाही. रिंग चुकली तर रिंग परत येते. तिथे तसं नसतं.

आता मालकाकडे वळतो. वागळे किंवा डोंबिवलीच्या छोट्या कारखान्यात मालक हाच खरेदी अधिकारी, हाच गुणवत्ता विभाग, हाच जीएसटीचा कारकून आणि हाच ग्राहकाच्या शिव्या खाणारा असतो. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिलं होतं की माहिती जिथे मुबलक होते तिथे तिला वाचणाऱ्याचं लक्ष दुर्मिळ होतं. आपल्या गाळ्यात सगळ्यात महागडं मशीन सीएनसी नसून मालकाचं लक्ष आहे, आणि आपण ते सकाळी सात वाजल्यापासून कोणालाही फुकट वापरायला देतो.

एक उदाहरण घ्या. २०२४ च्या सुरुवातीला प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) बद्दल प्रत्येक उद्योजकाच्या फोनवर किती संदेश आले ते आठवा. व्हिडिओ, तक्ते, अफवा, "मोठे ग्राहक ऑर्डर रद्द करणार" अशी भीती. मी स्वतः चार दिवस हे वाचण्यात घालवले. कामाचं जे होतं ते चार ओळींत मावत होतं. उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. वर्षअखेरीस मुदत उलटलेली रक्कम बाकी असेल, तर माल घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. मध्यम उद्योगाला आणि निव्वळ व्यापाऱ्याला हे लागू नाही. म्हणून उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा आणि मुदत ऑर्डरवर लिहून घ्या. शेवटची ओळ कारखान्यात काहीतरी बदलते, बाकीचे दोनशे संदेश काही बदलत नाहीत. आलेल्या माहितीने उद्याचा कुठला निर्णय बदलणार आहे, हा प्रश्न विचारायची सवय मला फार उशिरा लागली. उत्तर नसेल तर ती माहिती कितीही खरी असो, मी ती साठवत नाही.

साठवू नये हे सांगणं मला साठवावं हे सांगण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. जपानी कारखान्यांच्या फाइव्ह एसमध्ये पहिलं पाऊल सेइरी, म्हणजे नको ते वेगळं काढणं. आमच्याकडे ड्रॉइंगच्या खणात एकाच जॉबच्या तीन-तीन रिव्हिजन पडलेल्या असत, "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून. जुन्या रिव्हिजनवर एकदा पूर्ण लॉट निघाला, तेव्हापासून नवी प्रत आली की जुनीवर लाल शिक्का बसतो आणि ती शॉपवरून त्याच दिवशी उठते.

आयएसओ प्रमाणपत्र असलेल्या वाचकांना एक आठवण करून द्यायची आहे. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे. कामासाठी कुठलं ज्ञान लागतं ते ठरवा, जपा आणि लागेल त्याला मिळेल असं ठेवा, अशी त्याची मागणी आहे. ऑडिटच्या आदल्या दोन रात्री त्यासाठी फाइल तयार करण्यापेक्षा ते कलम मनापासून वाचा. ते आपल्याच भल्याचं आहे.

पुस्तकाच्या मधल्या भागात पद्धत आहे. ती मी शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसं आली, तेव्हा ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक कामाचा एक कागद असे, दोन रकान्यांचा. काय करायचं, आणि कुठे सांभाळायचं. 'का' हा तिसरा रकाना नंतर जोडला गेला. आपल्या कारखान्यांतल्या बहुतेक प्रोसेस शीटमध्ये पहिलाच रकाना असतो. मिस्त्रींचं ज्ञान दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात होतं. त्याला मी चौथा रकाना जोडला, 'कोणाला विचारायचं', कारण वागळेत अजूनही सगळ्यात जलद उत्तर माणसाकडूनच मिळतं. एका जॉबला एकच कार्ड, कार्ड मशीनपाशी, आणि आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास खतावणीचा. त्या अर्ध्या तासात आठवडाभरातले संदेश, तक्रारी, परत आलेला माल समोर घ्यायचा, जे कार्डावर जायला हवं ते उतरवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. हा अर्धा तास मालकाने स्वतः बसावं. निदान पहिलं वर्षभर तरी.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. मायकेल पोलान्यी या हंगेरीत जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये आपल्या छोट्या पुस्तकात मांडलं की माणसाला जेवढं येतं त्यातलं बरंच त्याला शब्दांत सांगता येत नाही. 'चावीला बोटांचा जोर' हे मी कार्डावर लिहिलं. तो जोर किती, हे लिहिता आलं नाही. टॉर्क रेंच आणून आकडा काढायचा प्रयत्नही केला. आकडा निघाला, पण धातूचा लॉट बदलला की तो पुरेना. शेवटी मिस्त्रींना आम्ही चार दिवस ठाण्याला बोलावलं. मुलाने त्यांच्या शेजारी उभं राहून ऐंशी रिंगा केल्या, पहिल्या दिवशी सोळा, शेवटच्या दिवशी तीस. त्याच्या हातावर त्यांचा हात होता. तेव्हा ते काम त्याच्याकडे आलं. जे लिहिता येतं ते लिहून काढलं, तर जे लिहिता येत नाही त्यासाठी असे चार दिवस काढता येतात, आणि माणूस जिवंत आणि धडधाकट असताना काढता येतात.

जाण्याआधी मिस्त्रींनी कार्ड मागून घेतलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. मी लिहिलं होतं, 'शेवटच्या कटाआधी चक सोडावा.' त्यांनी पेन घेतलं आणि पुढे लिहिलं, 'आणि रिंग गार होऊ द्यावी.' एकोणीस वर्षांत ते मला माहीत नव्हतं.

तुमच्या कारखान्यात या वर्षी कोण निवृत्त होतंय, त्यांचं नाव आठवा. हे पुस्तक नंतर वाचलंत तरी चालेल, आधी त्यांच्याशेजारी जाऊन बसा. शेवटची बारा पानं चार रकाने आखून कोरी ठेवली आहेत.